सतरा नंबरची वडी

"उपळेकरबाई, आत बोलावलंय," शिपाई म्हणाला आणि माझ्याकडे न बघताच दार धरून उभा राहिला.

मी बाकावरून उठले. समोरच्या भिंतीला टेकून सादिक उभा होता. दोन तास तो आत होता आणि बाहेर आल्यापासून त्याने पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. आम्ही एकमेकांशी बोलायचं नाही असं त्याच्या गाइडनी, हेर्लेकर सरांनी बजावलं होतं. ज्याची चौकशी आहे तो आणि साक्ष देणारी बाई कुजबुजताना दिसले तर पढवलं म्हणतील. तरी मी जवळून जाताना तो पुटपुटलाच.

"मावशी, जे खरं हाय तेच सांगा. माझ्यासाठी काय खोटं बोलू नका."

"खोटं कशाला बोलेन रे मी?" मी म्हटलं.

ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. आमचं इंजिनिअरिंग कॉलेज नदीच्या पलीकडे, गावाबाहेर. धातुशास्त्र विभागात मी लॅब असिस्टंट. सादिक शिकलगार तिथे पीएच.डी. करत होता. त्याचे वडील बाजारात सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे. घरात दहावीच्या पुढे गेलेला हा पहिलाच. विषय काय, तर दोन धातूंच्या भुकट्या एकत्र दाबून त्यांची वडी करायची, एका टोकाला पेटवायची आणि त्यातून तिसराच पदार्थ मिळवायचा. भट्टी नाही, कोळसा नाही. एकदा पेटली की वडी आपल्याच उष्णतेवर पुढे पुढे पेटत जाते.

त्याने मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं होतं, "म्हणजे कापरासारखं."

"कापूर जळून जातो मावशी. ही जळून घट्ट होते."

आणि तसंच होतं ते. निकेलची करडी भुकटी आणि अ‍ॅल्युमिनियमची पांढुरकी, दोन्ही काट्यावर तोलायच्या, स्टीलच्या गोळ्यांबरोबर डब्यात घालून तासन्‌तास फिरवायच्या. मग ते मिश्रण पोलादी साच्यात भरायचं आणि प्रेसखाली दाबायचं. अंगठ्याएवढी जाड वडी निघायची, हाताला गार, पेन्सिलीच्या शिशासारखी काळपट. ती जाड भांड्यात उभी करायची, झाकण लावायचं, आतली हवा काढून आरगॉन वायू भरायचा. वडीच्या डोक्यावर टंगस्टनच्या तारेचं वेटोळं. बटण दाबलं की तार पांढरी व्हायची, वडीचा माथा लाल, आणि मग एक उजेडाची कडी सरसर खाली उतरायची. दोन श्वासांत काम संपायचं. सोळाशे अंश, सादिक सांगायचा. मी काळ्या चष्म्यातून बघायचे आणि दर वेळी माझे हात आपोआप जोडले जायचे. तो हसायचा, पण कधी थट्टा केली नाही.

अशा चाळीस वड्या मी दाबल्या. प्रेसची वही माझ्याकडे होती. तारीख, वजन, दाब, वडीचं काय झालं, सगळं मराठीत, माझ्या अक्षरात. प्रबंधात मात्र सदतीस वड्यांचे निकाल होते. दोन वर्षांनी प्रबंध परीक्षकांकडे गेला आणि विद्यापीठाकडे कुणीतरी निनावी पत्र टाकलं, की शिकलगारने मनासारखे न आलेले निकाल लपवले आहेत, प्रेसची वही तपासा. आरोप खरा ठरला असता तर प्रबंध रद्द, आणि पुन्हा कुठे नाव नोंदवायलाही बंदी. चौकशीचे सगळे कागद गुप्त होते. वहीत नेमकं काय सापडलं ते सादिकलाही दाखवलं नव्हतं, फक्त 'तुमचं म्हणणं नोंदवहीशी जुळत नाही' एवढंच सांगितलं होतं. मला तर तेवढंही नाही.

आत लांब टेबलाच्या पलीकडे दोघे बसले होते. हैदराबादहून आलेले राघवाचारी म्हणून वयस्क प्रोफेसर, त्यांना मराठी येत नव्हतं. शेजारी विद्यापीठाचे मोकाशी, ते मला विचारणार आणि त्यांना इंग्रजीत सांगणार. राघवाचारींच्या पुढ्यात माझी वही होती आणि तिच्यावर टाइप केलेल्या कागदांचा गठ्ठा. ऑफिसातल्या क्लार्कने वहीचं इंग्रजी करून दिलं होतं.

"नाव?"

"प्रमिला उपळेकर."

"जरा मोठ्याने बोला बाई. पंखा ऐकतोय, मी नाही."

मी पुन्हा सांगितलं. माझा आवाज मुळातच लहान, आणि त्या दिवशी गुरुवार, उपास. सकाळचा जप झाला होता पण मन त्यात नव्हतं.

"ही वही तुमच्या हातची?"

"हो."

मोकाशींनी टाइप केलेल्या कागदावर बोट ठेवलं. "सतरा नंबरची वडी. वाढली, असं तुम्ही लिहिलंय. खरं आहे?"

"खरं आहे."

"तेवीस नंबर? तीपण वाढली?"

"हो."

"एकतीस?"

"हो साहेब. तीनच वाढल्या. चाळिसांत तीन म्हणजे देवाचीच कृपा."

मोकाशींनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मग राघवाचारींकडे वळून इंग्रजीत काहीतरी म्हणाले. त्यातलं 'कन्फर्म' एवढं मला कळलं. राघवाचारींनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला लागले. मी एकही खोटा शब्द बोलले नव्हते, आणि तरी समोरचा माणूस असं लिहीत होता, की जणू मी सादिकच्या विरुद्ध पुरावाच हातात दिला.

"शिकलगारने सांगितलं होतं तुम्हाला, वाढवा म्हणून?"

"नाही हो! तो कशाला सांगेल? तो तर सतरा नंबरच्या दिवशी आलाच नव्हता. त्याचे वडील दवाखान्यात होते."

"मग कुणी सांगितलं? हेर्लेकरांनी?"

"कुणीच नाही."

"तुम्ही आपल्या मनाने वाढवलीत?"

"मनाने कुणी वाढवतं का साहेब? जिवाला किती लागलं माझ्या! त्या दिवशी जेवण गेलं नाही मला."

मोकाशी थोडे चिडले. "बाई, सरळ सांगा. वडी काय पोळीची कणीक आहे, फुगायला? कुणीतरी भुकटी जास्त घातल्याशिवाय ती वाढेल कशी?"

"भुकटी बरोबर तोललेली होती. वजन लिहिलंय बघा शेजारीच. साच्यात ठीक होती. बाहेर ढकलताना वाढली."

"बाहेर ढकलताना?"

"साच्याला आतून ओरखडा पडला होता. वडी तिथे अडकली, मी जरा जोर केला, आणि..." मी हाताने दाखवलं.

मोकाशींनी पेन खाली ठेवलं. "किती वाढली?"

"तीन तुकडे."

मोकाशींनी माझा हात पाहिला, जो अजून तसाच उघडा होता. मग कागद पाहिला. मग डोळे मिटून कपाळावर हात मारला.

"अहो बाई! तुम्हाला फुटली म्हणायचंय?"

मी मान हलवली.

"नुसती मान हलवू नका. फुटली?"

"तेच. आमच्याकडे बांगडी वाढली म्हणतात ना, तसं."

"आमच्याकडेही म्हणतात हो! माझी आई म्हणायची." त्यांनी कागद टेबलावर आपटला. "पण हे इंग्रजी वाचून माझं डोकंच त्या दिशेला गेलेलं. 'पेलेट इन्क्रीज्ड.' वडीचा आकार वाढवला! शिकलगार सांगतोय फुटल्या, आणि वहीत हे! त्या क्लार्कला काय म्हणायचं आता?"

ते राघवाचारींना भराभर समजावू लागले. मला वाटलं, सुटला प्रश्न. पण राघवाचारींनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, टोपण लावलेलं पेन पुन्हा उघडलं आणि एकच गोष्ट विचारली. मोकाशींचा चेहरा उतरला.

"ते म्हणतायत, हे आता कुणीही म्हणेल. इथे येऊन शब्दाचा अर्थ बदलणं सोपं आहे. तुकडे आहेत का?"

"नाहीत."

"टाकून दिले?"

"टाकेन कशी? भंग पावलेलं असं कचऱ्यात टाकत नाहीत." मला बोलायची लाज वाटू लागली होती, पण इलाज नव्हता. "नदीला सोडले."

मोकाशींनी ते इंग्रजीत सांगितलं. राघवाचारींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर उभं गंध होतं. नदीचं त्यांना कळलं असावं, पण नदी काही साक्षीला येत नाही.

मी देवाचं नाव घेतलं आणि म्हटलं, "साहेब, दसऱ्याचं पान काढा."

"काय?"

"दसऱ्याचं पान. त्याच वहीत. आदल्या दिवशी खंडेनवमीला आम्ही प्रेसची पूजा करतो. मी नोंद केलेली असते. ती बघा, आणि तिचं इंग्रजी काय केलंय तेही वाचा."

मोकाशींनी पानं उलटली. सापडलं तसं मोठ्याने वाचलं, "'प्रेसची पूजा केली. नारळ वाढवला. पेढे वाटले. काम बंद.'" मग टाइप केलेल्या गठ्ठ्यातून तोच दिवस काढला, ओठ हलवत वाचला आणि हसू लागले. हसता हसता त्यांनी दोन्ही कागद राघवाचारींपुढे सरकवले.

क्लार्कने तिथे बरोबर लिहिलं होतं. कोकोनट ब्रोकन. नारळाचं त्याला कळलं होतं, वडीचं कळलं नव्हतं.

राघवाचारींनी माझी वही जवळ ओढली. मराठी येत नव्हतं, पण देवनागरी त्यांना थोडी येत असावी, कारण त्यांनी एक बोट नारळापुढच्या शब्दावर ठेवलं, दुसरं सतरा नंबरपुढच्या, आणि एकेक अक्षर ताडून पाहिलं. वा. ढ. मग तेवीस काढलं. मग एकतीस. मग उगाचच नऊ नंबरवर थांबले आणि मोकाशींना काही विचारलं.

"ते विचारतायत, नऊ नंबरपुढे इंग्रजीत लिहिलंय, वडी शांत झाली. हे काय?"

"अर्ध्यात आली आणि..." मी अडखळले. "उजेड पुढे गेला नाही. थांबला."

"विझली."

"तेच."

हे राघवाचारींना सांगितल्यावर ते पहिल्यांदा हसले. नऊ नंबर प्रबंधात होताच. अर्ध्यात विझल्याचं सादिकने स्वतःच आलेखासकट लिहिलं होतं. ज्याला निकाल लपवायचे असतात तो विझलेली वडी छापत नाही. हे मी म्हटलं नाही, राघवाचारीच मोकाशींना म्हणाले आणि मोकाशींनी मला सांगितलं. मग राघवाचारींनी पेन बंद केलं, माझ्याकडे पाहून हिंदीत, सावकाश विचारलं, "माताजी, सीधा शब्द क्यों नहीं लिखा?"

मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. घरीही नाही.

"चाळीस वड्या सुरू व्हायच्या आधी," मी म्हटलं, "आषाढात आम्ही दोन-चार चाचणीला केल्या होत्या. सादिक बटणावर हात ठेवून उभा होता. भांड्याला बघायला काचेची खिडकी असते. मी सहज म्हणाले, जपून रे, काच... पुढे तोच शब्द, तुम्ही मघाशी म्हणालात तो. त्याने बटण दाबलं आणि काच गेली. भांड्यात वडीचा बार उडाला. काचेची कपची त्याच्या डोळ्याखाली लागली. इथे." मी बोट लावून दाखवलं. "अर्धा इंच वर असती तर डोळा गेला असता. वास्तू तथास्तु म्हणत असते साहेब. त्या क्षणी माझ्या तोंडात तो शब्द होता."

मोकाशी हळू आवाजात म्हणाले, "बाई, पावसाळ्यात भुकटीला ओल आली असेल. पाण्याची वाफ झाली, वडी उडाली."

"तसंच झालं. सादिकने नंतर भुकटी वाळवून बघितली, ओलच होती. मला कळतं ते. चौदा वर्षं झाली मला लॅबमध्ये. पण मी बोलले होते हेही खरंच ना? त्या संध्याकाळी मी नेम धरला. या मुलाची पदवी हातात येईपर्यंत त्या लॅबच्या कामात तोंडातून किंवा लेखणीतून अभद्र शब्द काढायचा नाही."

"शिकलगारला माहीत आहे हे?"

"नाही. तो म्हणाला असता, मावशी, डोकं फिरलंय का."

मोकाशींनी राघवाचारींना सांगायला बराच वेळ घेतला. ऐकताना ते खिडकीकडे बघत होते. मग दोघांचं आपसात थोडं बोलणं झालं आणि मोकाशींनी एक कोरा कागद माझ्यापुढे ठेवला.

"आम्ही आरोपात तथ्य नाही असं लिहितोय. पण सोबत तुमचं निवेदन हवं, तुमच्या अक्षरात. सतरा, तेवीस आणि एकतीस या वड्या साच्यातून काढताना फुटल्या. बस, एवढं एकच वाक्य. खाली सही."

मी पेन घेतलं. "साहेब, भंगल्या लिहू?"

"नको."

"तुकडे झाले असं?"

"बाई," मोकाशी अजिजीने म्हणाले, "हा कागद विद्यापीठात जाणार. तिथे कुणीतरी तो पुन्हा टाइप करणार. मला आता कुठलाही सोवळा शब्द नको. फुटल्या लिहा."

पदवी अजून हातात यायची होती. नेम पुरा व्हायला बोटावर मोजण्याइतके दिवस राहिले होते. तोवर वीस वर्षं मी नेम करत आले होते. उपास चुकला तर दुसऱ्या दिवशी करता येतो, जप राहिला तर माळ जास्त ओढता येते. हा मोडला तर परत जोडायचा कसा, ते मला ठाऊक नव्हतं. पण ज्याच्यासाठी तो धरला होता, तो बाहेर भिंतीला टेकून उभा होता, आणि माझ्या नेमानेच त्याला तिथे उभं केलं होतं. मनात म्हटलं, देवा, याचं जे काही असेल ते माझ्या नावावर मांड. आणि लिहिलं. सतरा फुटली. तेवीस फुटली. एकतीस फुटली. एका वाक्यात न लिहिता तीन ओळींत लिहिलं, म्हणजे कुणाला शंका नको.

मोकाशींनी वाचलं. "आता छान," ते म्हणाले.

राघवाचारींनी उभं राहून मला नमस्कार केला. मी गोंधळून त्यांच्यापेक्षा खाली वाकले.

बाहेर आले तेव्हा व्हरांड्यात ऊन पार आत आलं होतं. सादिक भिंत सोडून जिन्याच्या तोंडाशी गेला होता. त्याच्या हातात रुमालाचा बोळा होता. मला पाहून पुढे आला नाही. माझ्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं कोण जाणे, कारण मी रडत होते आणि मला ते कळलंच नव्हतं.

"काय झालं?" तो म्हणाला. "मावशी, काय झालं? गेलं का सगळं?"

सांगायला माझ्याकडे एकच शब्द होता. आमच्या आळीत तो बहुतेकदा तिरडी उठल्यावर ऐकू येतो. सुटला बिचारा, म्हणतात. जिवंत, धडधाकट माणसाला तोंडावर मी तो आयुष्यात म्हटला नव्हता. त्या दिवशी दुसरा कुठला शोधत बसावं असं वाटलंच नाही.

"सुटलास," मी म्हटलं. "सुटलास रे बाबा."

माझ्या तोंडून असला शब्द त्याने कधी ऐकला नव्हता. "तुम्ही म्हणालात हा शब्द? तुम्ही?"

"मीच म्हणाले. आणि मोठ्याने म्हणाले. पलीकडच्या वर्गात गेलं असेल."

सादिक जिन्याच्या पायरीवर बसला. गुडघ्यांवर कोपरं ठेवून तोंड रुमालात धरलं. त्याचे खांदे हलत होते, ते रडण्याने की हसण्याने मला सांगता येईना. मग त्याने मान वर केली, तेव्हा कळलं की दोन्ही.

"मावशी," तो म्हणाला, "अब्बा चार वाजल्यापासून खाली गेटवर थांबलेत. त्यांना तुम्हीच सांगा. ह्याच शब्दात सांगा."

आम्ही दोघं जिना उतरू लागलो. खाली त्याचे वडील धार लावायचं चाक सायकलवर बांधून उभे होते. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून मला तो शब्द आणखी एकदा, पोटातून आवाज काढून म्हणावा लागला.